चतुर येतात, पण वाढतात का?

बंगळूरच्या आग्नेयेला, तमिळनाडूच्या सीमेला टेकलेला आनेकल तालुका गेल्या पंचवीस-तीस वर्षांत ओळखू येऊ नये इतका बदलला आहे. इलेक्ट्रॉनिक सिटी याच तालुक्यात, बोम्मसंद्रा, जिगणी आणि अत्तिबेलेच्या औद्योगिक वसाहतीही याच तालुक्यात. ऑगस्ट २०२५ पासून तर मेट्रोची पिवळी मार्गिका बोम्मसंद्रापर्यंत धावू लागली. नाचणीच्या शेतांचे प्लॉट पडले, प्लॉटवर बंगले उभे राहिले आणि पुण्या-मुंबईहून, बेळगाव-कोल्हापुराहून नोकरीसाठी आलेली मराठी कुटुंबेही त्यांत राहू लागली. अशा बंगल्यांच्या परसात हल्ली एक छोटे तळे असते. त्यात कोई किंवा गोल्डफिश, एखादे कारंजे, मध्ये कमळाची कुंडी. पावसाळा लागला की तळ्यावर चतुर घिरट्या घालू लागतात, कडेच्या गवतावर टाचण्या बसतात आणि निसर्गाचे थोडे देणे आपण फेडले, असे घरमालकाला वाटते. हे समाधान निम्मेच खरे आहे. तळ्यावर चतुर उडताना दिसले, म्हणून ते त्या तळ्यात वाढतात असे सिद्ध होत नाही. माशांनी भरलेल्या, उभ्या गुळगुळीत भिंतींच्या तळ्यात त्यांनी घातलेली बहुतेक अंडी वाया जातात. तळे चतुरांच्या उपयोगी पडते ते त्याच्या काठामुळे, आणि तो काठ माशांच्या तोंडून थोडा राखून ठेवला तरच. या लेखाचे म्हणणे एवढेच आहे. पण ते पटवायचे, तर या कीटकांच्या आयुष्याचा पाण्याखालचा भाग आधी पाहावा लागेल.

चतुर आणि टाचणी ही एकाच गणातली भावंडे. चतुर अंगाने दणकट. बसला की चारही पंख दोन्ही बाजूंना आडवे पसरून ठेवतो आणि त्याचे डोळे इतके मोठे, की बहुतेक जातींत ते माथ्यावर एकमेकांना टेकतात. टाचणी बारीक, सडपातळ. बसली की बहुधा पंख पाठीवर मिटून घेते आणि तिचे डोळे डोक्याच्या दोन टोकांना असतात. जगात या गणाच्या सहा हजारांहून अधिक जाती आहेत, भारतात सुमारे पाचशे. त्यांच्या अभ्यासाचा भारतातला पाया इंडियन मेडिकल सर्व्हिसमधले डॉक्टर फ्रेडरिक चार्ल्स फ्रेझर यांनी घातला. ‘फॉना ऑफ ब्रिटिश इंडिया’ या मालेतले त्यांचे तीन खंड १९३३ ते १९३६ या काळात निघाले. ते खंड तज्ज्ञांसाठी होते. हौशी माणसाच्या हाती पडेल असे पुस्तक यायला २००५ उजाडले. द्वीपकल्पीय भारतातल्या चतुर-टाचण्यांची ओळख करून देणारे के. ए. सुब्रमण्यन यांचे सचित्र मार्गदर्शक त्या वर्षी बंगळूरच्याच इंडियन अकॅडमी ऑफ सायन्सेसच्या उपक्रमातून निघाले. त्यातल्या अनेक सामान्य जाती आनेकलसारख्या भागात नेहमी भेटतात: लालभडक क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, हिरव्या-काळ्या पट्ट्यांचा आणि इतर चतुरांनाही पकडून खाणारा ऑर्थेट्रम सबीना, गुलाबी-जांभळा ट्रायथेमिस ऑरोरा, जमिनीलगत बसणारा छोटा डिप्लाकोडेस, आणि टाचण्यांमध्ये पिवळीधमक सेरियाग्रियॉन व निळ्या शेपटीच्या टोकाची इश्नुरा.

आपल्याला दिसतो तो रंगीत, उडता चतुर म्हणजे या प्राण्याच्या आयुष्याचा शेवटचा, थोडक्या आठवड्यांचा भाग. त्याआधीचे सगळे आयुष्य पाण्यात जाते. आपल्या उष्ण हवेत काही जातींचे दीड-दोन महिने, इतरांचे त्याहून पुष्कळ जास्त. अंड्यातून निघालेले पिल्लू पाण्यात दहा-पंधरा वेळा कात टाकत वाढते. ते मातकट रंगाचे, चिखलात किंवा पाणवनस्पतींत दडून बसणारे आणि पक्के मांसाहारी असते. चतुराच्या पिल्लाचे कल्ले शरीराच्या आत, आतड्याच्या शेवटच्या भागात असतात; तिथे पाणी ओढून घेऊन ते श्वास घेते आणि संकट आले की तेच पाणी जोराने मागे फेकून पुढे झेपावते. टाचणीच्या पिल्लाला शेपटीच्या टोकाशी पानांसारखे तीन पडदे असतात. शिकारीचे हत्यार मात्र दोघांचे सारखेच: खालचा ओठ. हा ओठ सांध्यात दुमडून हनुवटीखाली ठेवलेला असतो आणि त्याच्या टोकाला दोन आकडे असतात. डासाची अळी टप्प्यात आली की सेकंदाच्या काही शतांश भागात तो ओठ पुढे सुटतो, आकडे मिटतात आणि भक्ष्य तोंडाशी येते. मोठ्या जातींची वाढलेली पिल्ले बेडूकमासे आणि माशांची इवली पिल्लेही याच रीतीने पकडतात. तेव्हा तळ्याचा विचार करायचा तर या पिल्लाच्या बाजूने करायला हवा. वर उडणाऱ्या चतुराला तळे महिनाभर लागते; पिल्लाचे सगळे बालपण त्यात जाते.

मग चतुर तळ्यावर येतात, याला काहीच अर्थ नाही का? आहे, पण आपण समजतो त्याहून फार कमी. पाणी शोधताना चतुर मुख्यतः डोळ्यांवर विसंबतो. सपाट पाण्यावरून परतणारा प्रकाश आडव्या दिशेने ध्रुवित झालेला असतो. माणसाच्या डोळ्याला हा फरक कळत नाही, चतुराला कळतो आणि त्यावरून तो ‘इथे पाणी आहे’ असे ठरवतो. हंगेरीतल्या गाबोर होर्वाथ आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी ही खूण कशी फसवते ते दाखवून दिले. त्यांचा २००७ मधला अभ्यास एका दफनभूमीतला आहे. तिथल्या घासून चकचकीत केलेल्या काळ्या थडग्यांवर चतुर येऊन बसत होते, आपली जागा राखण्यासाठी दुसऱ्या चतुरांना हुसकावत होते, दगडाच्या आडव्या पृष्ठभागाला पुन्हा पुन्हा स्पर्श करत होते. जोडीने आलेले नर-मादी त्यावर घिरट्याही घालत होते. आसपास पाण्याचा टिपूस नव्हता. लाल आणि काळ्या रंगाच्या गाड्यांच्या टपांवर पाणकीटक असेच फसतात, हे त्यांच्या आधीच्या अभ्यासात दिसले होते. आनेकलच्या वाचकाला हा मुद्दा सहज पटावा, कारण जिगणी हे ग्रॅनाइट कापण्या-घासण्याच्या कारखान्यांचे गाव. पॉलिश केलेल्या काळ्या ग्रॅनाइटच्या फरशीत आणि त्या थडग्यांच्या दगडात चतुराच्या डोळ्याला मोठासा फरक नसावा. परसातले तळे तर खरोखरच पाण्याचे आहे. ते चमकणारच आणि चतुर येणारच. येण्यावरून फक्त चमक सिद्ध होते.

आल्यावर पुढे काय होते, हे मुख्यतः माशांवर ठरते. मासे आणि चतुर एकमेकांना अक्षरशः पाण्यात पाहतात. अमेरिकेत मार्क मॅकपीक यांनी एनालॅग्मा या टाचण्यांवर केलेले काम या बाबतीत बोलके आहे. तिथे या टाचण्यांच्या काही जाती माशांच्या तळ्यांत राहतात, तर काही जाती मासे नसलेल्या आणि मोठ्या चतुरांच्या पिल्लांचे राज्य असलेल्या तळ्यांत. पहिल्या प्रकारची पिल्ले शत्रू जवळ आला तरी हालत नाहीत, कारण हालचाल दिसली की मासा झडप घालतो. दुसऱ्या प्रकारची पिल्ले पोहून पळतात, कारण चतुराच्या पिल्लाच्या तावडीतून पळून सुटता येते. पळणाऱ्या जातीला माशांच्या तळ्यात ठेवले तर ती टिकत नाही. म्हणजे ‘थोडे मासे, थोडे चतुर, सगळे गुण्यागोविंदाने’ हे चित्र निसर्गाच्या हिशेबात बसत नाही. मासे आहेत की नाहीत, यावर कोणती जात तिथे राहू शकेल हेच बदलते. २००५ मध्ये ‘नेचर’ या नियतकालिकात टिफनी नाइट आणि सहकाऱ्यांचा फ्लॉरिडातल्या तळ्यांचा अभ्यास आला. मासे असलेल्या तळ्यांत चतुरांची पिल्ले आणि त्यांच्या काठांवर उडणारे चतुर, दोन्ही मासे नसलेल्या तळ्यांपेक्षा कितीतरी कमी होते. आपल्या परसातल्या तळ्यांत हा भार आणखी वाढतो, कारण चार-पाच हजार लिटर पाण्यात आपण पोसलेले मासे सोडतो आणि त्यांना रोज दाणे टाकून त्यांची संख्या तळ्याच्या कुवतीबाहेर टिकवतो. कोई आणि गोल्डफिश ही कार्प कुळातली मंडळी. तळ उकरणे हा त्यांचा स्वभाव. त्यात पाणी गढूळ होते, पाणवनस्पती उपटल्या जातात आणि पिल्लांच्या लपण्याच्या जागाच नाहीशा होतात.

दुसरा प्रश्न काठाचा. चतुरांच्या अनेक माद्या उडता उडता पोटाचे टोक पाण्याला टेकवून अंडी सोडतात. टाचण्यांचे तसे नाही. त्या आपल्या धारदार अवयवाने पाणवनस्पतींच्या देठात बारीक चीर देऊन एकेक अंडे आत बसवतात. ॲनॅक्ससारखे मोठे चतुरही हीच रीत पाळतात. देठ नसेल तर त्यांच्यासाठी ते तळे नुसते पाणी असते. शेवटच्या पायरीला पुन्हा काठ लागतो. पूर्ण वाढलेले पिल्लू बहुधा रात्री किंवा पहाटे पाण्यातून बाहेर येऊन एखादा देठ चढते, त्याला नखांनी घट्ट धरते आणि थांबते. पाठीवर उभी फट पडते. तिच्यातून आधी छाती, मग डोके, मग पाय बाहेर येतात. थोडा वेळ विसावून तो मऊ, फिकट प्राणी पोट ओढून काढतो आणि चुरगळलेले पंख हळूहळू ताणून पसरू लागतात. हे पंख वाळेपर्यंतचे तास अतिशय नाजूक असतात. वाऱ्याने देठ हलला, पक्ष्याने पाहिले किंवा पाय निसटून पाण्यात पडला, तर सगळे संपले. प्लास्टिकच्या कागदाचे अस्तर दिलेले किंवा चकचकीत टाइल लावलेले उभे काठ या घडीला पिल्लाला चढू देत नाहीत. कडा सुबक दिसावी म्हणून गवत वरचेवर छाटून टाकणारा माळी नकळत नेमकी हीच शिडी काढून घेतो.

चतुर उडून जातो, पण देठावर कात राहते आणि तीच खरी साक्ष. पावसाळ्यात सकाळी तळ्याच्या काठचे लव्हाळे वाकून पाहिले तर ती सापडते. रंग चहाचा, वजन जवळपास नाही. नखे अजून देठात रुतलेली. डोळ्यांच्या जागी दोन पारदर्शक गोल, हनुवटीखाली तो दुमडलेला ओठ जसाच्या तसा, आणि पाठीच्या फटीतून बाहेर लोंबणारे पांढरे धागे. हे धागे म्हणजे आतल्या श्वासनलिकांची सोललेली अस्तरे. तळ्यावर घिरट्या घालणारा चतुर दोन किलोमीटरवरच्या तलावातून आलेला असू शकतो, पण ही कात टाकणारे पिल्लू याच पाण्यात वाढले, यात शंकेला जागा उरत नाही. म्हणूनच जगभरचे चतुर-अभ्यासक एखादे पाणी चतुरांच्या प्रजननाचे आहे की नाही, हे ठरवताना कातीला मोठे महत्त्व देतात. घरमालकालाही हा हिशेब ठेवता येतो. त्यासाठी दुर्बीण लागत नाही, कीटक पकडावे लागत नाहीत. एक छोटी डबी आणि थोडी चिकाटी पुरते. कात टाचणीची की चतुराची, हे आकारावरून कुणालाही सांगता येते.

आता आक्षेपांकडे वळू. पहिला आक्षेप डासांचा आणि तो हलक्यात घेण्यासारखा नाही. डेंग्यू ही बंगळूर परिसराची दरवर्षीची डोकेदुखी आहे. ‘मासे काढले तर डास होतील’ असे कुणीही म्हणेल. त्याला उत्तर दोन भागांत द्यावे लागते. डेंग्यू पसरवणारा एडीस इजिप्ती डास मुख्यतः पिंप, टायर, करवंट्या, कुंड्यांखालच्या ताटल्या, उघडे सम्प अशा छोट्या साठ्यांत वाढतो. शिकारी किड्यांनी भरलेले, वनस्पतींचे जिवंत तळे त्याला मानवत नाही. दुसरे असे, की चतुराची पिल्ले डासांच्या अळ्या खातात हे नुसते पुस्तकी ज्ञान नाही. म्यानमारमधल्या यांगून शहरात घरोघरीच्या पाणी साठवायच्या भांड्यांत रहिवाशांच्या मदतीने चतुराची पिल्ले सोडण्याचा प्रयोग झाला. १९९० मध्ये त्याचा अहवाल प्रसिद्ध झाला. काही आठवड्यांत एडीसच्या अळ्या झपाट्याने घटल्या आणि त्यामागोमाग डासही कमी झाले. तिथे वापरलेली जात क्रोकोथेमिस सर्व्हिलिया, म्हणजे आपल्या तळ्यावर येणारा तोच लालभडक चतुर. पण या प्रयोगातून भलताच अर्थ काढू नये. तिथे पिल्ले मुद्दाम, नेमक्या भांड्यांत आणि पुन्हा पुन्हा सोडली होती. परसात तळे केले म्हणजे शेजारच्या पिंपातले डास संपतील, असे कुणी सांगत असेल तर ती अतिशयोक्ती आहे. चतुरांचे तळे स्वतः डासांचे आगर होत नाही, एवढाच दावा टिकतो आणि आक्षेपाला तेवढे उत्तर पुरेसे आहे. उलट डासांसाठी म्हणून सोडलेल्या गप्पी आणि गॅम्बुसियाची किंमत मोठी आहे. गॅम्बुसिया भारतात १९२८ मध्ये इटलीहून आणला गेला. तो डासांच्या अळ्यांपुरता थांबत नाही, बेडूकमासे, इतर माशांची अंडी आणि बारीक पाणकिडे यांच्यावरही ताव मारतो. म्हणजे डासांचा एक शत्रू आणताना आपण आधीपासून असलेले दुसरे शत्रू मारतो.

दुसरा आक्षेप बरोबर उलट बाजूने येतो: चतुरच माशांची पिल्ले खातात, फुलांवर येणाऱ्या मधमाश्या पकडतात, मग त्यांचे इतके कौतुक कशाला? दोन्ही गोष्टी खऱ्या आहेत. मत्स्यशेतीत मत्स्यबीज सोडण्याआधी संगोपन तळ्यातले पाणकिडे मारण्यासाठी साबण-तेलाचे मिश्रण फवारतात. मच्छीमाराच्या दृष्टीने हे किडे शत्रूच. फ्लॉरिडाच्या त्या अभ्यासाचा उरलेला अर्धा भागही चतुरांच्या बाजूचा नाही. मासे असलेल्या तळ्यांकाठी चतुर कमी, म्हणून फुलांवर येणारे कीटक जास्त, आणि त्यामुळे काठावरच्या झाडांना परागीभवनाची ददात कमी, असा तो निष्कर्ष होता. पण या अभ्यासातून चतुर नकोत असे निघत नाही. पाण्यात आपण काय सोडतो त्याचा परिणाम बागेतल्या फुलापर्यंत जातो, असे निघते. परसातल्या तळ्याचा मालक मत्स्यबीज विकायला बसलेला नाही. गप्पींची चार पिल्ले गेली तर त्याचे दिवाळे निघत नाही. आणि चतुर मधमाश्यांबरोबर चिलटे, डास, माश्या, मावा, पतंगही खातो. तो आकाशातला निवडक मारेकरी नाही. हाताला लागेल ते खाणारा शिकारी आहे. ज्या बागेत असा शिकारी पोसला जातो, तिथे त्याचे भक्ष्यही भरपूर आहे, एवढे नक्की.

तिसरा आक्षेप सर्वांत वजनदार आहे. परसातल्या तळ्यात येऊन येऊन येणार कोण? जे कुठेही जगतात तेच. मग एवढा खटाटोप कशासाठी? तलावाची तहान तळ्यावर भागवायची, म्हणजे दुधाची तहान ताकावर. यात तथ्य आहे. ब्रॅकिथेमिस कंटॅमिनाटा हा नारिंगी पंखांचा चतुर सांडपाणी मिसळलेल्या तलावावरही झुंडीने दिसतो. त्याच्या गर्दीवरून पाणी चांगले आहे असे म्हणणे म्हणजे स्वतःची फसवणूक. वाहत्या, सावलीतल्या झऱ्यांत वाढणाऱ्या जाती बन्नेरघट्टाच्या जंगलातून उठून कुणाच्या परसात येणार नाहीत. त्यांच्यासाठी जंगल आणि झरेच राखावे लागतील. आंतरराष्ट्रीय निसर्ग संरक्षण संघटनेने २०२१ मध्ये जगातल्या चतुर-टाचण्यांचा पहिला सर्वंकष आढावा जाहीर केला, तेव्हा पाहणी केलेल्या ६,०१६ जातींपैकी १६ टक्के नामशेष होण्याच्या धोक्यात आढळल्या. पाणथळ जागांचा ऱ्हास हे त्यामागचे मोठे कारण आहे, आणि त्यावर तळ्यांचा उतारा पुरणार नाही. तरीही छोट्या पाण्याचे स्वतःचे मोल असते. पँटाला फ्लॅवेसेन्स हा जगात सर्वांत दूरवर पसरलेला चतुर पावसाच्या ताज्या डबक्यांत भराभर वाढतो. ऑक्टोबरच्या सुमारास त्याचे थवे मालदीवमध्ये उतरतात, आणि तिथे वर्षानुवर्षे नोंदी ठेवणारे सागरी जीवशास्त्रज्ञ चार्ल्स अँडरसन यांनी २००९ मध्ये मांडले, की ते भारतातून निघून हिंदी महासागर ओलांडत पूर्व आफ्रिकेकडे जातात. ब्रॅडिनोपायगा जेमिनाटा हा करड्या ठिपक्यांचा चतुर तर ग्रॅनाइटवर किंवा कुंपणाच्या भिंतीवर बसला की दिसेनासा होतो आणि सिमेंटच्या टाक्यांत, खडकांतल्या खळग्यांत अंडी घालतो. त्याला लव्हाळे लागत नाहीत, खडबडीत भिंतही चालते. काठावर वनस्पती हवीच, या नियमाला हा अपवाद आहे. त्याच्याच प्रजातीतली ब्रॅडिनोपायगा कोंकणेन्सिस ही नवी जात शंतनू जोशी आणि दत्तप्रसाद सावंत यांनी महाराष्ट्राच्या किनारपट्टीवरून २०२० मध्ये नोंदवली. ज्या छोट्या पाण्यांकडे आणि उघड्या कातळांकडे कुणी बघत नाही, तिथे विज्ञानाला माहीत नसलेली जात निघते. तेव्हा लहान आहे म्हणून पाणी निकामी ठरवण्याची घाई बरी नव्हे.

चौथा आक्षेप पाण्याचा. मार्च २०२४ मध्ये बंगळूरला टंचाई इतकी जाचली, की पाणीपुरवठा मंडळाने बाग, गाड्या धुणे, कारंजी यांसाठी पिण्याचे पाणी वापरायला बंदी घातली आणि मोडणाऱ्याला ५,००० रुपये दंड ठेवला. ज्या तालुक्यात कितीतरी वसाहती बोअरवेलवर आणि टँकरवर जगतात, तिथे शोभेचे तळे भरणे हा माजच म्हणायचा. पण या आक्षेपाचा मारा माशांच्या तळ्यावर जास्त होतो. दाट मासे, त्यांची विष्ठा, उरलेले खाद्य यांमुळे त्याचे पाणी वारंवार बदलावे लागते, पंप आणि फिल्टर अखंड चालवावे लागतात, शेवाळ मारायला औषधे टाकावी लागतात. मासे कमी आणि वनस्पती जास्त असलेल्या तळ्याला गच्चीवरून उतरणारे पावसाचे पाणी भागते. बंगळूरचा पाऊस जूनला सुरू होऊन ऑक्टोबर-नोव्हेंबरपर्यंत रेंगाळतो, ही त्याला मोठी सोय. उन्हाळ्यात पातळी हातभर खाली गेली तरी बिघडत नाही. आपल्याकडचे बरेच चतुर ओल्या-कोरड्या ऋतूंच्या तालावरच जगायला शिकलेले आहेत.

मग करायचे काय, तर मासे काढून टाका असे इथे सुचवायचे नाही. मुलांना मासे हवे असतात, घरच्यांना आवडतात, आणि आवडीवर पाणी फिरवणारा सल्ला कुणी ऐकत नाही. तळ्याची वाटणी करावी. एका बाजूला हात-दीड हात रुंदीची, टाचभर पाण्याची पायरी ठेवायची आणि ती खोल पाण्यापासून दगडांच्या रांगेने अशी अडवायची, की पाणी जाईल पण मासा जाणार नाही. ते जमत नसेल तर शेजारी मासे नसलेली एक वेगळी पसरट कुंडी पुरेल. या उथळ भागात लव्हाळे, वेखंड, ब्राह्मी, पाण्याखाली हायड्रिला. तळाशी थोडी माती आणि कुजलेली पाने, कारण पिल्लांचे लपणे आणि भक्ष्य दोन्ही तिथेच. जलपर्णी मात्र घरात घेऊ नये, ती पाहता पाहता सगळे पाणी झाकते. पाणकणीसही छोट्या जागेत डोईजड होते. काठाचे गवत पावसाळाभर छाटू नये, कीटकनाशक आणि धुरळणी तळ्यापासून लांब ठेवावी, रात्रभर जळणारे दिवे पाण्यावरून हटवावेत. निम्मे ऊन आणि निम्मी सावली मिळेल अशी जागा उत्तम. या सगळ्याचा खर्च एका चांगल्या कोई माशाच्या किमतीतही होईल. लहान मूल घरात असेल तर उथळ पायरी उभ्या भिंतीपेक्षा सुरक्षितच. तरी जाळी आणि लक्ष हवेच.

परसातल्या तळ्याची ही चूक मोठ्या मापावर कशी दिसते, ते पाहायला आनेकलकरांना दूर जावे लागत नाही. मुत्तानल्लूर, हेन्नागरा, हेब्बगोडी, बोम्मसंद्रा. हा तालुका तलावांचा आहे. बंगळूर परिसरात तलावांचे ‘पुनरुज्जीवन’ करताना गाळ काढून मध्यभाग एकसारखा खोल करायचा, भोवती उंच बांध घालायचा, त्याला दगडी पिचिंग करायचे, वर चालायची वाट बांधायची, अशी रीत पडली. वाडग्याच्या आकाराचे हे तलाव पाणी साठवतात आणि फोटोत छान दिसतात. पण उथळ, गवताळ, पावसात बुडणारा आणि उन्हाळ्यात उघडा पडणारा काठ त्यात उरत नाही, हे पर्यावरण अभ्यासकांनी वारंवार दाखवून दिले आहे. बगळ्यांना, बेडकांना आणि टाचण्यांना लागतो तो नेमका हाच पट्टा. गुरे पाणी पिऊ शकतील असा उतरता काठ हे गावतलावाचे जुने वैशिष्ट्य होते. चतुरांची सोय कुणी मुद्दाम केली नव्हती, वापरातून ती आपोआप झाली होती. आता वापर बदलला आहे, तेव्हा ती सोय आराखड्यात लिहून घ्यावी लागेल: बांधाची एक बाजू तरी दगडाविना, लव्हाळ्यांची, सावकाश उतरणारी. बागेत हात-दीड हाताची पायरी राखणाऱ्याला तलावासाठी हे मागण्याचा हक्कही पोचतो आणि नेमके काय मागायचे हेही कळते. चतुर घिरट्या घालत असल्याचे फोटो ठेकेदाराच्या अहवालात असतातच. त्याला काठावर सापडलेल्या कातींची, जातवार आणि ऋतुवार नोंद मागावी. आणि ती देता आली नाही, तर बिलातला ‘जैवविविधता’ हा रकाना खुशाल खोडून टाकावा.